परवाना राज्याचा, ग्रीन कार्ड फेडरल सरकारचं

पत्र: मी मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत आहे. आयटीत नोकरी. तीन वर्षांपूर्वी मला, बायकोला आणि मुलाला ग्रीन कार्ड मिळालं. शेजारी राहणारा माझा मित्र जन्माने अमेरिकन आहे. त्याला गांजाच्या दुकानाचं, म्हणजे राज्याचं क्लास ५ रिटेलरचं, कंडिशनल लायसन्स मिळालं आहे. तो म्हणतो, ८०,००० डॉलर घाल आणि १५ टक्के हिस्सा घे. शिवाय तू कॉम्प्युटरमधला माणूस, तर स्टॉकचं आणि राज्याला जाणाऱ्या रिपोर्टचं कामही तूच बघ. मी त्याला इन्व्हेंटरीची एक शीट करूनही दिली, पैसे घेतले नाहीत. त्याच्या वकिलाने सांगितलं की ग्रीन कार्डवाल्याने हिस्सा घ्यायला राज्याची आडकाठी नाही. बायकोचा मात्र साफ विरोध आहे, लोक काय म्हणतील म्हणून. माझं म्हणणं, सरकार लायसन्स देतं, टॅक्स घेतं, मग लाज कसली? दिवाळीला भारतात जाणार आहोत, त्याआधी मित्राला उत्तर द्यायचं आहे. नुसते पैसे घातले आणि कामात पडलो नाही तर चालेल का?
– विचारात पडलेला

उत्तर:

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. पैसे घालू नका. हिस्सा घेऊ नका. ती शीट मित्राच्या स्वाधीन करा आणि यापुढे तिला हात लावू नका. आणि दिवाळीच्या प्रवासाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. लायसन्सची कामं करणारा वकील यात कामाचा नाही.

हे मी गांजाच्या नावाने नाक मुरडून सांगत नाही. लायसन्स मिळालेल्या दुकानांना नियम पाळायला मदत करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे लाजेच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. न्यू जर्सीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये सार्वमतात कौल दिला. २२ फेब्रुवारी २०२१ ला तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कायद्यावर सही केली आणि २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दुकानात जाऊन गांजा विकत घेता येऊ लागला. राज्याचं कॅनाबिस रेग्युलेटरी कमिशन लायसन्स देतं, तपासणीला येतं, दंड करतं. हा धंदा चोरीछुपे चालत नाही. तुमच्या पत्नींनी दिलेलं कारण मला पटत नाही, पण त्यांचा निर्णय पुरता बरोबर आहे.

अडचण ही की तुमचं ग्रीन कार्ड न्यू जर्सीने दिलेलं नाही. ते वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्रातल्या फेडरल सरकारने, दिलं आहे, आणि वॉशिंग्टनच्या दप्तरी गांजा अजून १९७० च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस कायद्याखालचाच पदार्थ आहे. त्या कायद्याने तो शेड्यूल १ या सगळ्यात कडक यादीत, हेरॉइनच्या रांगेत बसवला. राज्याचं लायसन्स हा फेडरल कायदा रद्द करत नाही. लायसन्स एवढंच सांगतं की राज्य स्वतः तुम्हाला गुन्हेगार धरणार नाही. म्हणून तर न्यू जर्सीत पिकलेला माल हडसन ओलांडून न्यू यॉर्कला विकता येत नाही. दोन्हीकडे गांजा कायदेशीर आहे, पण मधली हद्द ओलांडली की मामला फेडरल होतो.

मग फेडरल सरकार दुकानांवर धाडी का घालत नाही? २०१३ मध्ये न्याय खात्याने ‘कोल मेमो’ काढून आपल्या वकिलांना सांगितलं होतं की राज्याचे नियम कडक असतील आणि पाळले जात असतील तर तिकडे लक्ष घालू नका. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी तो मेमो मागे घेतला, तरी प्रत्यक्षात लायसन्सधारी दुकानांना फारसा हात लागला नाही. तुमचा मित्र या कानाडोळ्याच्या भरवशावर दुकान काढतो आहे आणि त्याने ते काढावं. तो नागरिक आहे. या कारणावरून त्याला देशाबाहेर कुणी काढू शकत नाही. इमिग्रेशन खातं मात्र असा कानाडोळा करत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे ग्रीन कार्ड आणि सिटिझनशिपचे अर्ज पाहणाऱ्या फेडरल खात्याने, आपल्या अधिकाऱ्यांसाठी लेखी मार्गदर्शन काढलं. गांजाशी संबंधित काम राज्याच्या कायद्यात बसत असलं तरी फेडरल कायद्याचा भंग धरला जाईल, आणि सिटिझनशिपसाठी लागणारं ‘चांगलं नैतिक वर्तन’ सिद्ध करताना ते आड येऊ शकेल, असं त्यात स्पष्ट आहे. राज्याने लायसन्स दिलेल्या दुकानातली नोकरीही यात येते. त्याच सुमारास डेन्व्हरमध्ये अशा उद्योगात काम केलेल्या दोन ग्रीन कार्डधारकांना सिटिझनशिप नाकारली गेल्याचं प्रकरण गाजलं. शहराचे तेव्हाचे महापौर मायकल हॅनकॉक यांनी थेट ॲटर्नी जनरलला पत्र लिहिलं. या दोघांनी कसलीही चोरी केलेली नव्हती. राज्याने उघडलेल्या दारातून ते कामावर जात होते, इतकंच. मला या अन्यायाची मनापासून चीड आहे, पण तुमच्या घरादाराची किंमत देऊन तो सिद्ध करायला मी तुम्हाला सांगणार नाही.

आता जे तुमच्या मित्राच्याही ध्यानात आलं नसेल ते सांगते. या धंद्यात कंप्लायन्स, म्हणजे नियमपालन, जितकं चोख, तितका तुमच्याविरुद्धचा पुरावा पक्का.

१५ टक्के हिस्सा म्हणजे राज्याच्या लेखी तुम्ही मालक. मालकाचं नाव कमिशनकडे जातं, बोटांचे ठसे जातात, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि ८०,००० डॉलर कुठून आले याचे कागद द्यावे लागतात. बचतीतले असतील तर स्टेटमेंट, वडिलांनी पाठवले असतील तर तेही. कामाला लागलात तर कमिशनचं ओळखपत्र वेगळं. हे सगळं तुम्ही स्वतः भरायचं, खरं भरायचं आणि खाली सही करायची.

त्यानंतर रोजचं काम. न्यू जर्सीत मालाचा माग ‘मेट्रक’ या प्रणालीत ठेवतात. रोपाला टॅग, कापणीनंतरच्या पाकिटांच्या गठ्ठ्याला टॅग, प्रत्येक टॅगवर २४ अक्षरी क्रमांक. पिकवणाऱ्याकडून निघालेला माल प्रयोगशाळेत तपासून, गाडीत चढून, दुकानात उतरून, काउंटरवरून गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद राज्याला दिसते.

दुकान बंद करतानाची एक गोष्ट सांगते, अशी वेळ कुठल्याही दुकानात येते. साडेतीन ग्रॅमच्या बरण्यांचा एक गठ्ठा आहे. स्क्रीनवर शिल्लक ४८, तिजोरीच्या खोलीत मोजल्या तर ४७. घरी जायची वेळ झालेली, पण कुणीही हलायचं नाही. आधी पुन्हा मोजायचं, मग दुसऱ्याने मोजायचं, मग दिवसभराच्या पावत्या एकेक करून ताडायच्या, मग कॅमेऱ्याचं चित्रण मागे न्यायचं. शेवटी सापडतं ते इतकंच: दुपारी एका गिऱ्हाइकाने काउंटरवर ऐनवेळी बरणी नको म्हटलं, विक्रेत्याने बिल रद्द केलं आणि बरणी परत आत न नेता गल्ल्याखालच्या खणात सारली. बरणी मिळाली तरी तिच्या प्रवासाची नोंद दुरुस्त करावी लागते, कारण लिहावं लागतं, वेळ लिहावी लागते. ही दुरुस्ती कुणाच्या लॉगिनने केली ते प्रणालीत कायमचं राहतं. तुमचा मित्र तुम्हाला हेच काम देतो आहे. नियंत्रित पदार्थाचा कोणता गठ्ठा कधी आला, कधी विकला गेला, हे तुमच्या नावानिशी, तारखेनिशी राज्याच्या सर्व्हरवर. चोख काम केलंत तर राज्य तुमची पाठ थोपटेल, आणि फेडरल अधिकाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागणार नाही.

त्याला तरी प्रश्न विचारायचेच आहेत. सिटिझनशिपच्या एन-४०० अर्जात विचारतात की तुम्ही नियंत्रित पदार्थ कधी पिकवला, तयार केला, वाटला, विकला आहे का, आणि तेही राज्याच्या, अमेरिकेच्या किंवा परदेशाच्या कुठल्याही कायद्याविरुद्ध. ‘राज्यात कायदेशीर होतं’ हे उत्तर या चौकटीत बसत नाही. ‘नाही’ लिहिलंत तर खोटं बोलल्याचा ठपका, आणि खोट्या माहितीवर मिळालेली सिटिझनशिप नंतर काढूनही घेता येते. म्हणून या प्रश्नाला स्वच्छ ‘नाही’ लिहिता यावं, अशा जागीच तुम्ही राहायला हवं.

नुसते पैसे घातले तर? त्याने काही फरक पडत नाही. इमिग्रेशन कायद्यात ‘व्यापारात सामील असल्याचं मानायला कारण आहे’ एवढ्यावर अधिकारी माणसाला प्रवेशाला अपात्र ठरवू शकतो. खटला नको, शिक्षा नको. मदत करणारा, साथ देणारा हेही त्याच कलमात येतात. काउंटरवर उभं न राहता ८०,००० डॉलर देणारा माणूस साथ देणारा नाही, हे पटवायची जबाबदारी तुमच्यावर येईल.

याच कलमाचा पुढचा भाग तुमच्या पत्नींना वाचून दाखवा. अशा व्यापारातल्या माणसाची पत्नी किंवा पती, मुलगा किंवा मुलगी यांनी गेल्या पाच वर्षांत त्या पैशाचा लाभ घेतला असेल, आणि पैसा कुठून येतो हे त्यांना माहीत असेल किंवा माहीत असायला हवं असेल, तर त्यांनाही अपात्र ठरवता येतं. तुमच्या घरी तिघांचीही ग्रीन कार्डं आहेत. म्हणजे दुकानाच्या नफ्यातून घराचा हप्ता गेला तर प्रश्न एकट्या तुमचा राहत नाही.

आता भारतवारी. ग्रीन कार्डधारक बाहेर जाऊन परत येतो तेव्हा एरवी त्याला नव्याने प्रवेश मागणारा धरत नाहीत. पण अशा प्रकारचा गुन्हा केल्याचं अधिकाऱ्याला दिसलं तर तसं धरता येतं, आणि मग नेवार्कच्या विमानतळावर सगळं प्रकरण उघडतं. तुमच्या हातून आजवर झालंय ते एवढंच की एका शेजाऱ्याला, दुकान उघडण्याआधी, पैसे न घेता एक शीट करून दिली. हे हिस्सा घेण्यापेक्षा पुष्कळ हलकं आहे आणि मला यात आभाळ कोसळलेलं दिसत नाही. तरीही त्याचा अर्थ लावणं हे वकिलाचं काम. जाताना मित्राशी झालेले मेसेज, ईमेल आणि शीटची प्रत जशीच्या तशी घेऊन जा. घाबरून काही पुसू नका. पुसलेला मेसेज शंभर प्रश्न उभे करतो. वकिलाची भेट झाल्याशिवाय भारताची तिकिटं वापरू नका.

प्रवासाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गावाकडे दाखवायला म्हणून किंवा चुकून राहिलं म्हणून गांजाच्या गमीचं, म्हणजे चघळायच्या गोळ्यांचं, पाकीट बॅगेत असता कामा नये. अमेरिकेतली विमानतळावरची तपासणी फेडरल, आणि मुंबईत उतरलात की १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा. मुलाच्या आणि पाहुण्यांच्या बॅगाही पाहून घ्या.

मित्राचा वकील खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्याला विचारलं गेलं की राज्याच्या नियमात हे बसतं का, आणि त्याने तेवढ्याचंच उत्तर दिलं. तो मित्राचा वकील आहे, तुमच्या ग्रीन कार्डाची काळजी घेणं त्याच्या कामात नाही.

इमिग्रेशनचा प्रश्न नसता तरी या व्यवहाराचं गणित मी तुम्हाला तपासायला लावलं असतं, आणि हे इथल्या नागरिक झालेल्या वाचकांसाठीही आहे, कारण अशा विचारणा त्यांनाही होतात. फेडरल टॅक्स कायद्यात २८०-ई नावाचं १९८२ चं कलम आहे. एका अमली पदार्थ विक्रेत्याने टॅक्स कोर्टात आपला धंद्याचा खर्च वजा करून मिळवला, त्यावर चिडून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ते आणलं. शेड्यूल १ आणि २ मधल्या पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला मालाची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा करता येत नाही. समजा दुकानाची विक्री १०,००,००० डॉलर, मालाची किंमत ५,००,०००, भाडं-पगार-सुरक्षा मिळून ४,००,०००. हातात उरले १,००,०००. पण टॅक्स लागतो ५,००,००० वर, म्हणजे कंपनीच्या २१ टक्के दराने १,०५,०००. नफ्यापेक्षा टॅक्स जास्त. दुकान एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, असेल तर हे ओझं भागीदारांच्या वैयक्तिक रिटर्नवर येतं. १५ टक्केवाल्याच्या वाट्याला खरा नफा १५,००० आणि टॅक्ससाठी धरलेलं उत्पन्न ७५,०००. न्यू जर्सीने २०२३ मध्ये राज्याच्या टॅक्सपुरता लायसन्सधारकांना यातून दिलासा दिला, फेडरल टॅक्सला त्याचा उपयोग नाही.

यावर मित्र म्हणेल की हे सगळं बदलतंय. बदलाचे प्रयत्न खरेच आहेत. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा शेड्यूल ३ मध्ये नेण्याचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ही प्रक्रिया लवकर उरका असा आदेश काढला. शेड्यूल ३ मध्ये गेलेल्या मालाला २८०-ई लागत नाही, दुकानदारांसाठी हे फार मोठं काम होईल. पण तुमच्यासाठी नाही. इमिग्रेशनचं कलम ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणतं, आणि १ पासून ५ पर्यंतची सगळी शेड्यूल्स त्यात येतात. बातम्यांत ‘गांजा आता शेड्यूल ३’ असं वाचलंत म्हणून चेक फाडू नका.

बँकांचीही तीच तऱ्हा. २०१४ मध्ये अर्थखात्याच्या फिनसेन विभागाने बँकांना या धंद्याची खाती ठेवायची वाट दाखवली, पण प्रत्येक खात्याचे संशयास्पद व्यवहाराचे अहवाल पाठवत राहण्याच्या अटीवर. बऱ्याच मोठ्या बँका या भानगडीत पडत नाहीत. दुकानातून तुमच्या खात्यात पैसे आले तर तुमची बँक तुमचंच खातं बंद करू शकते, आणि क्रेडिट कार्ड तर दुकानात चालतच नाही.

नागरिक असाल आणि तरीही हिस्सा घ्यायचा असेल तर कंडिशनल लायसन्सवर भुलू नका. त्यावर दुकान उघडता येत नाही, त्याचं वार्षिक लायसन्समध्ये रूपांतर व्हावं लागतं. गावाची परवानगी आली का हे आधी पाहा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या बहुतांश नगरपालिकांनी असली दुकानं नकोत असं ठरवलं होतं. जिथे हो म्हटलंय तिथेही दुकान कुठल्या रस्त्यावर, शाळेपासून किती लांब, हे गाव ठरवतं. भाडेकराराचा कागद मागा आणि घरमालकाच्या बँकेची हरकत नाही ना ते लेखी घ्या, कारण गहाण जागेत फेडरल कायद्याविरुद्ध धंदा नको अशी अट कर्जाच्या कागदात असते आणि घरमालकाला ती आठवत नसते. मग मालकांचा तक्ता पाहा. कमिशनला दिलेला तक्ता आणि तुमच्याशी होणारा करार यांत एका टक्क्याचाही फरक नको. ‘तुझं नाव आत्ता दाखवत नाही, आपापसात ठेवू’ असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा. लपवलेला मालक सापडला की लायसन्सच धोक्यात येतं.

आणि हे तुम्हालाही लागू आहे. मित्र प्रेमापोटी म्हणेल की तुझं नाव नको, बायकोच्या नावावर घेऊ, किंवा आत्ता उसने दे, सिटिझनशिप झाली की हिस्सा लिहू. दोन्हीला नाही म्हणा. उसन्या पैशाचा उगमही कमिशनला दाखवावा लागतो आणि तुमच्या पत्नींचं कार्ड तुमच्यासारखंच फेडरल सरकारचं आहे.

तुमच्या ग्रीन कार्डाला तीन वर्षं झाली. पाच वर्षं भरायच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो, म्हणजे दोन वर्षांच्या आत तुम्ही एन-४०० भरू शकता. नागरिकत्वाची शपथ झाल्यावर गांजाच्या दुकानात हिस्सा घ्यायचा की नाही हा साधा धंद्याचा प्रश्न उरेल, आणि तेव्हा पुन्हा लिहा, मी आनंदाने आकडे तपासून देईन.

मित्राला आडवळणाने सांगू नका. आमच्या बायकोला आवडत नाही, पैसे अडकलेत, असली कारणं दिलीत तर तो महिन्याभराने पुन्हा विचारेल. सरळ सांगा की मी नागरिक नाही, या धंद्यात माझं नाव कुठेही आलं तर माझ्या घरच्या तिघांचं इथलं राहणं धोक्यात येतं. जन्माने अमेरिकन असलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितलं की बहुतेकांना कळतं. त्याच्याही फायद्याचं आहे. तुमचं नाव अर्जात घालून नंतर काढायचं म्हटलं तर मालकीतला बदल कमिशनपुढे न्यावा लागतो, आणि तोवर त्याचं दुकान रखडतं. रिपोर्टच्या कामासाठी त्याला पगारी माणूस हवाच आहे. मेट्रक येणारा, कमिशनचं ओळखपत्र असलेला आणि नागरिक असलेला माणूस शोधायला सांगा, दुकान उघडायच्या आधी.